जप्त ग्रंथाची मिरवणूक

“वैनी, नुसता अंगठा उठवायचा. दुसरं कायबी न्हाय.”

नेमिनाथनं कागद आणि शाईची डबी सोप्यातून सरकवत माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आणली. उंबऱ्याच्या आत राजमती उभी होती. डोक्यावर पदर, हाताला कणीक. बाहेर जाजमावर फौजदार मारुतीराव बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. आपण काहीच ऐकत नाही असं दाखवायची त्यांना सवय होती, आणि ते सगळं ऐकत होते.

माणूस वाईट नव्हता. जबाबाचा कागद त्यांनी स्वतः बसून लिहून आणला होता, आणि तोही राजमती सुटावी म्हणूनच. ‘मी अशिक्षित विधवा असून सदर पुस्तक धर्मग्रंथ समजून बाळगले. त्यात काय लिहिले आहे हे मला ठाऊक नाही.’ खाली अंगठ्यासाठी जागा सोडलेली.

“आक्का,” मारुतीराव बशी खाली ठेवत म्हणाले, “बेळगावासनं हुकूम आलाय. सरकारनं जप्त केल्याल्या पुस्तकांच्या यादीत तुमचा ग्रंथ हाय. ग्रंथ मी नेतो, तुमी अंगठा द्या. परकरण हितंच मिटलं. तुमी वाचता म्हणून गाव काय बोलतंय ते मी ऐकल्यालंच न्हाय.”

कागद राजमतीच्या दृष्टीनं उलटा पडला होता. तिनं तो उलटाच वाचून काढला. अडचण एवढीच होती, की एक शब्द सोडला तर त्या कागदात सगळं खोटं होतं. विधवा तेवढं खरं.

“उद्या पंचमी हाय,” ती म्हणाली. “शास्त्रं भाईर निघत्यात. पंचमी झाली की देते जबाब.”

ज्येष्ठातली श्रुतपंचमी म्हणजे जैनांच्या घरी ग्रंथांचा सण. बस्तीतल्या, म्हणजे देवळातल्या कपाटातली सगळी शास्त्रं त्या दिवशी बाहेर काढायची, ऊन दाखवायचं, नव्या फडक्यात बांधायची, पूजा करायची. त्या दिवसाच्या आड यावं असं मारुतीरावांनाही वाटलं नाही. “बरं, उद्या बस्तीतच येतो,” म्हणून ते उठले. त्यांच्या हुकमात सात गावचे सात ग्रंथ होते. ज्येष्ठाच्या उन्हात सात गावं घोड्यावर हिंडायचा कंटाळा येऊन त्यांनी एक शक्कल काढली होती. साती गावांना शिपाई धाडून सांगितलं होतं, की आपापली प्रत उद्या दुपारपर्यंत बोरगावच्या बस्तीत आणून द्या. या शक्कलेचं त्यांना स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं.

फौजदार गेल्यावर नेमिनाथ उंबऱ्याशी आला. वहिनीपुढं त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

“वैनी, लोकल बोर्डातली माझी जागा जाईल. वखारीवर पोलिस बसतील. दादा गेल्यावर बारा वर्सं तुमास्नी या घरात कुणी कमी-जास्त बोललंय काय? पर तुमी तुरुंगात गेलासा, तर या घराचा उंबरा तुमास्नी पुन्हा न्हाय. एवढं ध्यानात ठेवा.”

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल. झालं ते एका चुकीनं, आणि अशी चूक फक्त बोरगावच्याच माणसांच्या हातून व्हावी.

राजमतीचा नवरा मानमोडीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी वडिलांनी अंगणातल्या धुळीत बोट धरून तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, पण सासरी त्या विद्येला काम नव्हतं. भाकरीवर काही अक्षरं काढता येत नाहीत. तिनं एक पाच वर्षांचं व्रत धरलं, ते पुरं केलं, आणि उद्यापनाला शास्त्रदान करायचं ठरवलं. बोरगाव आणि शेजारपाजारची मांगूर, कारदगा धरून सात गावच्या बस्त्यांना श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, आचाराचा एकेक ग्रंथ द्यायचा. बेळगावला वखारीच्या कामाला निघालेल्या दिवाणजी गुंडाप्पाला तिनं ग्रंथ आणायला सांगितले.

गुंडाप्पा हुशार माणूस. कन्नड झरझर वाचायचा. मराठी बोलायचा फक्कड, पण बाळबोध अक्षराच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात दोन गठ्ठे शेजारी-शेजारी होते. दुकानदार जेवायला गेलेला. गुंडाप्पानं त्यातला नीटस बांधलेला गठ्ठा उचलला, निरोप ठेवला आणि गाडी गाठली. दुसरा गठ्ठा खासबागेतल्या कुठल्याशा तरुण मंडळाला पोचला म्हणतात. त्या तरुणांनी पुढं दिवस मावळल्यावर जेवायचं सोडलं की नाही, ते काही कळलं नाही.

इकडं बायकांनी आंघोळ करून, सोवळं नेसून, साती ग्रंथ नव्या कोऱ्या वेष्टनात बांधले. ग्रंथ उघडून बघायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बस्तीचे पुजारी, उपाध्ये, बघते, पण त्यांना जुनं कन्नड तेवढं येत होतं. ग्रंथांवर अक्षता पडल्या, आरती झाली, आणि एकेक ग्रंथ डोक्यावरून वाजतगाजत आपापल्या गावी गेला. बोरगावच्या वाटणीच्या ग्रंथावर हात ठेवून राजमतीनं देवापुढं नेम घेतला, की रोज आंघोळ करून सोवळ्यानं एक पान वाचीन आणि हा ग्रंथ तीन वेळा पुरा करीन.

दुसऱ्या दिवशी तिनं तो उघडला. वर लिहिलं होतं, ‘रयतेची प्रश्नोत्तरी’. खाली पहिला प्रश्न होता. ‘या देशाचा धनी कोण? उत्तर : जो राबतो तो.’

तिनं ग्रंथ मिटला. इकडं-तिकडं पाहिलं. मग पुन्हा उघडला. नेम घेतला होता, आणि नेम मोडणं हे तिच्या हिशेबी सगळ्यांत मोठं पाप. तेव्हा अंगावर ओलेतं, पुढं चौरंग, चौरंगावर ग्रंथ, अशा थाटात राजमतीनं सरकारविरुद्धचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. इतक्या शुचिर्भूतपणानं तसलं पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

पहिलं वाचन निव्वळ नेमाचं झालं. दुसऱ्या वेळी मात्र ती एकेका उत्तरापाशी अडायला लागली. ‘कायदा कोणी केला? ज्याला तो पाळावा लागत नाही त्याने.’ हे वाचून तिनं दिवसभर विचार केला. सरकारचा विचार नंतर आला. आधी आठवले घरचे कायदे, विधवेनं कुठं बसायचं आणि कधी बोलायचं ते. तंबाखूच्या वखारीत जर्दा चाळणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून खोकत असायच्या. रोज दिसायच्या, पण त्या तिला आता पहिल्यांदा दिसल्या. आपल्या धर्मात गरजेपुरतंच ठेवावं म्हणून सांगितलंय, आणि हे पुस्तक दुसऱ्या वाटेनं तिथंच येतंय, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिला एकटीनं वाचवेना. तिसऱ्या वाचनाला ती दुपारच्या वेळी बायकांपुढं बसली. शास्त्र वाचायची एक चाल असते, त्याच चालीवर ती प्रश्न म्हणायची, आणि बायका उत्तर म्हणायच्या.

तिची जाऊ, नेमिनाथची बायको चंपाबाई, पहिल्या दिवशी झोप काढायला म्हणून आली होती आणि टक्क जागी राहिली. “लई सोपा ग्रंथ हाय गं ह्यो, आक्का,” ती म्हणाली. “उपाध्यांचा एकबी शबुद मला कधी कळाला न्हाय.”

राजमतीला खोटं ठेववेना. “चंपे, ह्यो देवाचा ग्रंथ न्हाय. माणसानं लिव्हलाय.”

“तरीच कळतोय!” चंपाबाई म्हणाली, आणि प्रश्न तिथंच मिटला. बाकीच्या सहा गावांना राजमतीनं निरोप धाडला, की वेष्टन सोडा आणि वाचा. ज्या गावात वाचणारी बाई नव्हती तिथं शाळेत जाणारी एखादी पोरगी शोधून काढली गेली.

पुढं राजमतीला चटकच लागली. गुंडाप्पा बेळगावला निघाला की ती म्हणायची, “त्याच दुकानातनं आन.” गुंडाप्पा बिचारा प्रत्येक वेळी पुस्तक डोक्याला लावून आणायचा. एकात कुठल्याशा परमुलखातल्या बायका भाकरीसाठी राजाच्या वाड्यावर चालून गेल्या होत्या. ते वाचताना तिला हसूही आलं आणि रडूही. दुसऱ्या एकात जाळपोळीची भलावण होती. ती वाचून ती भडकली आणि म्हणाली, “ह्या लिव्हणाऱ्याला आधी पानी गाळून प्यायला शिकवा.” दारूवरच्या एका चिमुकल्या पुस्तकानं मात्र तिला घराबाहेर काढलं. दारू विकायचा मक्ता सरकारच देतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहाचं वारं सगळीकडं सुटलं, त्या उन्हाळ्यात राजमती अकरा बायका घेऊन गावच्या शिंदीच्या दुकानापुढं जाऊन बसली. शिवी नाही, दगड नाही. नुसती प्रश्नोत्तरी. नवव्या दिवशी मक्तेदारानं दुकानाला कुलूप लावलं आणि तो थेट बेळगावला गेला. बायका काय म्हणत होत्या ते एका शिपायानं लिहून घेतलं होतं. बेळगावच्या साहेबांनी ते जप्त पुस्तकांशी ताडून पाहिलं, आणि फौजदार मारुतीराव नेमिनाथच्या सोप्यात चहाला आले.

पंचमीचा दिवस उजाडला. राजमतीनं चूल पेटवली, आंघोळ केली. आपला उंबरा तिनं दोनदा ओलांडला आणि दोन्ही वेळा खाली बघितलं. या घराखेरीज तिला जगात दुसरं घर नव्हतं. खोटं वाटून घेण्यात अर्थ नाही, तिला भीती वाटत होती.

मारुतीराव अकराच्या सुमाराला बस्तीत आले. सात गावचे सात कोळकार, म्हणजे चावडीचे नोकर, काखेत सात बोचकी मारून येतील, ती ताब्यात घ्यायची आणि जेवायला घरी जायचं, असा त्यांचा बेत. पण ते पडले बेळगाव-खानापूरकडचे. ग्रंथ एका गावाहून दुसऱ्या गावाला कसा जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रंथ काखेत जात नाही. ग्रंथ डोक्यावरून जातो, आणि तोही पंचमीला!

आधी मांगूरच्या वाटेवर हलगी ऐकू आली. मग कारदग्याच्या वाटेवर झांजा. बघता-बघता सहा वाटांनी सहा मिरवणुका बोरगावात शिरल्या. प्रत्येकीच्या पुढं एक बाई डोक्यावर ग्रंथ घेऊन, आणि मागं गावच्या गाव. बस्तीचं अंगण भरलं, मग गल्ली भरली, मग पोरं भिंतींवर चढली. तीनशेच्या वर नुसत्या बायकाच होत्या. मारुतीरावांच्या बरोबर शिपाई होते तीन.

त्यांनी घसा खाकरला आणि बोरगावच्या ग्रंथाला हात घालायला पुढं झाले.

“सायेब,” उपाध्ये नम्रपणे म्हणाले, “आंघोळ?”

“आँ?”

“पारोशानं शास्त्राला शिवत न्हाईत. आनी कातड्याचा पट्टा, बूट, ते बी चालत न्हाय. हीर हितंच मागल्या अंगाला हाय.”

मारुतीरावांनी तीनशे बायकांकडं पाहिलं. बायका त्यांच्याकडं बघत होत्या. बळजोरी केली तर ‘धर्मात हात घातला’ म्हणून सगळा मुलूख पेटेल आणि वरचे साहेब आपल्यालाच धरतील, एवढं कळण्याइतके ते शहाणे होते. शिवाय मूळचे देवभोळे. ते मुकाट्यानं विहिरीवर गेले. गुंडाप्पानं रहाटानं पाणी ओढून त्यांच्या अंगावर चार घागरी ओतल्या. ओल्या धोतरानिशी, अनवाणी, कुडकुडत नव्हे तर उन्हानं चटके खात सरकारचे फौजदार परत आले, आणि उपाध्यांनी जप्तीचा ग्रंथ सरळ त्यांच्या डोक्यावर ठेवला.

“काखेत चालत न्हाय, सायेब. डोक्यावरनंच न्या.”

मग काय विचारता! पुढं फौजदार, त्यांच्या डोक्यावर सरकारविरुद्धचं पुस्तक, मागं सहा बायकांच्या डोक्यावर सहा, आणि त्यांच्यामागं सगळा मुलूख. बस्तीपासून चावडीपर्यंतच्या वाटेवर दुकानदार उठून उभे राहिले. म्हाताऱ्या वाकून नमस्कार करत होत्या. तो ग्रंथाला की फौजदाराला, हे त्यांचं त्यांना माहीत. अक्षता मारुतीरावांच्या ओल्या पाठीवर चिकटत होत्या. आणि राजमती, जी बारा वर्षं खालच्या आवाजात बोलली होती, ती गल्लीच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाली, “या देशाचा धनी कोण?”

तीनशे बायकांनी उत्तर दिलं. पुढं आणखी प्रश्न झाले. चावडी येईपर्यंत निम्मं पुस्तक म्हणून झालं होतं. राजमतीचा ऊर आनंदानं नुसता भरून आला होता. सकाळची भीती कुठं गेली ते तिला कळलंसुद्धा नाही.

चावडीत मारुतीरावांनी ग्रंथ उतरवला, अंग पुसलं, आणि तोच जबाबाचा कागद पुन्हा पुढं केला. “आक्का, अजून येळ गेल्याली न्हाय. अंगठा द्या.”

“मला वाचता येतंय,” राजमती म्हणाली. “तसं लिव्हा.”

 मारुतीरावांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

खटला चिकोडीला चालला. नेमिनाथनं न सांगता-सवरता वकील दिला होता. तो घरच्या अब्रूसाठी दिला की वहिनीसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वकील चांगलाच बोलला. बाई भोळी, अक्षरशत्रू, चुकीच्या गठ्ठ्यानं घात केला. चावडीतला जबाब तिनं गर्दीच्या भरात दिला. मॅजिस्ट्रेट वयस्क गृहस्थ होते आणि त्यांना बाईला सोडायचंच होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “बाई, खरं सांगा. तुम्हाला वाचता येतं का?”

नेमिनाथ समोरच्या बाकावर बसला होता. त्यानं डोळ्यांनीच वहिनीला हात जोडले. ‘न्हाय’ म्हटलं की सगळे संध्याकाळी घरी. चूल, माजघर, उंबरा, सगळं जिथल्या तिथं.

“येतं, सायेब,” राजमती म्हणाली.

वकिलानं कपाळाला हात लावला. “साहेब, ही ऐकून पाठ झालेलं म्हणते. वाचता येत नाही तिला!”

“मग पाहू या,” म्हणून मॅजिस्ट्रेटनी टेबलावरच्या सात प्रतींतली एक तिच्यापुढं करायला लावली. “मधलं कुठलंही पान उघडा. वाचा.”

राजमतीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. “जरा हातावर पानी मिळंल काय?”

कोर्टाच्या पट्टेवाल्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. त्यानं भरल्या कोर्टात तांब्यातलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आवाज लागला तो शास्त्राच्या चालीवरच. तिला दुसऱ्या तऱ्हेनं वाचताच येत नव्हतं.

“प्रश्न. भय कशाने जाते?”

कोर्टाच्या मागच्या भागात गावोगावच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते कबूलही केलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. त्या एका सुरात म्हणाल्या, “एकाने उभे राहिल्याने!”

मॅजिस्ट्रेटनी टेबल वाजवलं. शिपाई ओरडले. पण राजमतीनं नेमिनाथकडं पाहिलं होतं. दुपारी सोप्यात लवंडून भिंतीपलीकडचं सगळं इतकी वर्षं त्यानंही ऐकलं होतं, आणि बायकांबरोबर त्याचेही ओठ हलले होते.

सरकारनं जप्त केलेलं पुस्तक सरकारच्याच कोर्टात, साहेबांच्याच हुकमानं, पान संपेपर्यंत मोठ्यानं वाचलं गेलं. साहेबांना ते उशिरा ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि कारकुनाला म्हणाले, “लिहा. आरोपी साक्षर.” मग चार महिने साधी कैद सांगितली. ती सांगताना त्यांनी राजमतीकडं पाहिलं नाही.

बेळगावला न्यायची मोटार यायची होती. कचेरीच्या अंगणात चिंचेखाली राजमतीला बसवलं होतं, शेजारी एक शिपाई. नेमिनाथ दूर छकड्यापाशी बैल जुंपत होता. जुंपून झाले, सोडले, पुन्हा जुंपले. चंपाबाई मात्र तरातरा चालत आली आणि राजमतीपुढं बसली. तिच्या हातात दौत आणि टाक होता. आत जाऊन कारकुनाकडून तिनं तो मागून आणला होता. आयुष्यात परक्या पुरुषाशी ती बहुधा पहिल्यांदाच बोलली असेल.

“आक्का, चार म्हयने दुपारचं कोन वाचनार?” तिनं डावा तळहात पुढं केला. “माझं नाव लिव हितं. त्येवढं तरी शिकून ठेवते. तुझी खोली झाडून ठेवते मी. आनायला छकडा घिऊन मीच येनार हाय. ह्यास्नी तसं सांगिटलंय.”

“काय म्हनाले भावजी?”

“खोकले.”

राजमतीनं तिचा तळहात गुडघ्यावर धरला आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चंपा’. शाई रेघांतून थोडी पसरली. चंपाबाईनं हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला.  राजमतीचा हात एकदा घट्ट दाबला आणि उठली.

छकडा निघाला. चिकोडीच्या माळावर त्या वेळी वारा फार होता. चंपाबाई उजव्या हातानं छकड्याचा दांडा धरून बसली होती, आणि शाई पुसू नये म्हणून डावा तळहात तिनं वर, उघडा धरला होता. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. शेजारी नवरा होता, रस्त्यानं चार माणसं जात होती. तिनं पदर सावरला नाही. छकडा वळणापलीकडं जाईपर्यंत तो वर धरलेला हात राजमतीला दिसत होता.